गंजलेला बोल्ट सुटत नाही? जोर लावण्याआधी हा क्रम धरा

माझी मारुती ८०० १९९९ची आहे, नंबर एमएच-०४चा. कोपरीत मीठबंदर रोडच्या बाजूला, खाडीपासून हाकेच्या अंतरावर ती उघड्यावर उभी असते. पंधरा वर्षं झाल्यावर २०१४ला तिची पुनर्नोंदणी केली, मग २०१९ला, मग २०२४ला. तिन्ही वेळा आरटीओत नेण्याआधी खालची बाजू उघडली आणि तिन्ही वेळा अडलं ते एकाच ठिकाणी: बोल्ट सुटेना. मी रबाळ्याला एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर आहे, त्यामुळे पाइपलाइनच्या फ्लँजवरचे गंजके बोल्ट रोज हातात असतात. सोसायटीतल्या आणि नात्यातल्या झेन, सँट्रो, ओम्नी यांचेही बोल्ट सुट्टीच्या दिवशी माझ्याकडेच येतात. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की समजली. गंजामुळे तुटलेले बोल्ट मी थोडेच पाहिले. बहुतेक तुटतात ते घाईने, सहाव्या पायरीचं काम पहिल्या पायरीला केल्यामुळे.

म्हणून हा क्रम लिहून ठेवतोय. फुकटातल्या गोष्टी आधी, खर्चाच्या आणि धोक्याच्या नंतर.

लक्षणं आधी नीट ओळखा

"बोल्ट जॅम आहे" एवढ्यावर काहीच ठरत नाही. पाना लावून हलका जोर द्या आणि हाताला काय कळतं त्याकडे लक्ष द्या.

पाना लावल्यावर काहीच हलत नसेल, दगडासारखं घट्ट वाटत असेल, तर ते बरं लक्षण आहे. बोल्ट अजून शाबूत आहे, तुमच्याकडे वेळ आहे.

थोडा फिरून जड होत असेल आणि करकर किंवा कुंई असा आवाज येत असेल, तर आट्यांमधला कोरडा गंज दळला जातोय. हेही वाईट नाही, पण इथून पुढे एकाच दिशेला ओढत राहिलात तर अडकेल.

पाना फिरतोय पण लवचीक वाटतोय, सोडला की किंचित मागे येतोय, तर थांबा. बोल्ट सुटत नाहीये, पिळला जातोय. याच जागी सगळ्यात जास्त बोल्ट तुटतात, कारण माणसाला वाटतं, "हललं, आता येईल." खरा सुटणारा बोल्ट "टक" असा आवाज करून सुटतो. जो आवाज न करता लोण्यासारखा मऊ फिरायला लागतो, तो मानेत तुटण्याच्या बेतात असतो.

बोल्ट फिरतो आणि फिरतच राहतो, वर काही येत नाही: एक तर आटे गेलेत, नाहीतर पत्र्याच्या आत वेल्ड केलेला नट सुटून बोल्टबरोबर फिरतोय.

नट निघाला, पण बोल्ट भोकातून बाहेर येत नाही. शॉक ॲब्सॉर्बरच्या आणि लोअर आर्मच्या (चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या) बुशमध्ये, म्हणजे आत स्टीलची नळी असलेल्या रबरी जोडात, हे हमखास होतं.

बोल्टभोवती लाल गंजाऐवजी पांढरी भुकटी दिसते. म्हणजे स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसलाय. त्याचे नियम वेगळे, ते पुढे येतील.

आणि शेवटचं, डोकं गोल झालंय, पाना घसरतोय. हे बहुतेक वेळा आपल्याआधी कुणीतरी केलेलं असतं.

आपल्याकडेच हे इतकं का होतं

गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये केसाएवढी फट असते. तिथलं लोखंड गंजून फुगलं की ती फट भरून पाचर बसते. त्यात ठाण्याच्या खाडीचं पाणी खारं, भरतीबरोबर आत येणारं. मीठ हवेतूनही बसतं आणि पावसाळ्यात रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यातूनही. खाडीलगत पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की नाल्याचं पाणी उलटं फिरतं आणि त्यातून गाडी काढली की तो गाळ चाकांच्या मागे, सायलेन्सरच्या वर, आर्मच्या खाचेत जाऊन बसतो. मिठाचा गुण असा की तो हवेतला ओलावा ओढून घेतो. त्यामुळे वरून वाळलेला दिसणारा गाळ आत आठवडेच्या आठवडे ओलसर राहतो. घोडबंदर रोडवर, वाशी-ऐरोलीच्या खाडीकाठच्या सेक्टरांत, कळव्यात, जिथे गाडी उघड्यावर उभी असते तिथे हेच.

सायलेन्सरचे बोल्ट आणखी वेगाने जातात. तिथे रोज तापणं आणि गार होणं चालू असतं आणि प्रत्येक वेळी गार होताना फटीत ओलावा ओढला जातो.

पहिली तपासणी: तो खरंच जॅम आहे का?

याला पाच मिनिटं लागतात, पैसा लागत नाही. तरी बहुतेक जण हीच पायरी गाळतात.

दिशा बघा. गाडीखाली आडवं झोपून वर बघताना डावं-उजवं उलटं होतं आणि माणूस बोल्ट सोडवायच्या ऐवजी आवळत बसतो. पाना कुठल्या बाजूला फिरवायचा हे बोल्टच्या डोक्यासमोर तोंड आहे असं धरून ठरवा. उलट्या आट्यांचे बोल्टही असतात. जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असायचे. तिथे जोर लावून स्टड तोडलेले लोक मला माहीत आहेत.

मग कुलूप शोधा. आडवी स्प्लिट पिन (नटातून आरपार घालून टोकं दुमडलेली तार) आहे का, नटाखालच्या पत्र्याचा कान वर दुमडलाय का, नटात नायलॉनची कडी आहे का? नायलॉनचा नट शेवटपर्यंत जडच फिरतो, तो गंज नव्हे. आणि मागच्या बाजूला दुसरा नट असेल तर तो धरलाय का, हेही बघा.

आमच्या मजल्यावरचा एक मुलगा मे महिन्यात सांगत आला, "काका, बॉल जॉइंटचा नट दोन तास झाले हलत नाहीये." मी खाली गेलो, टॉर्च मारला. गाळाच्या थराखाली स्प्लिट पिन होती. "अरे, आधी घासून बघायचं ना," एवढंच म्हणालो. पिन ओढली, नट हाताने फिरला.

दुसरी तपासणी: घासून साफ करा

तारेचा ब्रश, जुना दातांचा ब्रश, एक जुना स्क्रू ड्रायव्हर. आधी गाळ खरवडा, गोड्या पाण्याने धुवा, वाळू द्या. ओल्या गाळावर कितीही महाग तेल मारलं तरी ते वरून ओघळून जातं.

नटाच्या पुढे जे उघडे आटे दिसतात ते तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा. कारण सोपं आहे: नटाला बाहेर पडायला त्याच आट्यांवरून जायचंय. कित्येकदा नट आतून मोकळाच असतो. तो दोन फेरे फिरतो आणि पुढच्या गंजलेल्या आट्यांवर येऊन अडकतो. मग ओढाताण होते आणि बोल्ट नटाच्या तोंडाशी तुटतो. आटे खूप खराब असतील आणि बोल्ट तसाही बदलायचा असेल, तर पुढचा भाग हॅकसॉने कापून टाका, नटाचा प्रवासच कमी होईल.

बॅटरीच्या क्लॅम्पचा बोल्ट निळसर-पांढऱ्या थराने बसला असेल तर खायचा सोडा गरम पाण्यात घालून त्यावर ओता. फसफस थांबली की धुवा. तो थर आम्लाचा असतो, सोड्याने मरतो. टर्मिनल सोडवताना निगेटिव्ह आधी.

तिसरी तपासणी: पाना योग्य आहे का?

मारुतीवर बहुतेक १०, १२, १४, १७ मिलिमीटर तोंडाचे पाने लागतात. १२च्या बोल्टवर १३चा पाना "बसतो", आणि डोकं गोल होतं ते तिथेच. दोन तोंडांचा फिक्स पाना गंजलेल्या बोल्टवर लावूच नका, तो फक्त दोन कोपऱ्यांवर जोर देतो. रिंग पाना घ्या, त्याहून चांगली सॉकेट, म्हणजे गॅरेजमधली गोटी. आणि गोटी घेताना आत बघा: बारा कोपऱ्यांची नको, सहा कोपऱ्यांची घ्या. सहा कोपऱ्यांची गोटी बोल्टच्या सपाट बाजूंवर पकड घेते, बारा कोपऱ्यांची कोपऱ्यांच्या टोकांवर. गंजून बारीक झालेल्या डोक्यावर हा फरक लगेच हाताला कळतो.

एकदोनच चांगल्या गोट्या घ्यायच्या असतील तर १२ आणि १४च्या घ्या. मी माझ्या मशीद बंदरला नागदेवी स्ट्रीटवरून आणल्या. दुकानदाराला सरळ "सहा कोपऱ्यांची, इम्पॅक्टची" सांगा, काळ्या रंगाच्या येतात.

गंजाने डोकं झिजलं असेल तर एक माप लहान गोटी हातोड्याने ठोकून बसवा. १२चं डोकं झिजून ११ आणि १२च्या मधे आलं असेल तर इंची मापाची ७/१६ चालते, कारण ती ११.१ मिलिमीटर असते. १३च्या झिजलेल्या डोक्यावर १/२ इंचाची, म्हणजे १२.७ मिलिमीटरची. ठोकण्याचा दुसरा फायदा असा की त्या धक्क्यांनीच गंजाला तडे जायला सुरुवात होते.

चौथी तपासणी: तेल आणि वेळ

यात दोन गोष्टी आहेत, पण लोक एकच करतात. तेल मारतात आणि दहा मिनिटांनी पाना लावतात. फट इतकी बारीक असते की तेल तिच्यात आपल्या आपण, वातीतून रॉकेल चढतं तसं झिरपतं. त्याला तास लागतात.

माझी पद्धत अशी. रविवारी काम करायचं असेल तर गुरुवारी रात्री पहिला हात. बोल्टवर तेल मारायचं, मग डोक्यावर हातोड्याचे आठ-दहा मध्यम ठोके, सरळ रेषेत, वाकडे नाहीत. पुन्हा तेल. शुक्रवारी रात्री तेच, शनिवारी दोनदा. ठोके महत्त्वाचे, कारण गंज ठिसूळ असतो. ठोक्याने त्याला बारीक भेगा पडतात आणि तेलाला वाट मिळते. तेल आत गेलं की नाही हे डोळ्याला दिसतं: नटाच्या कडेला तपकिरी पाण्यासारखी ओल फुटते, बोटाला लावली तर वाळूसारखी खरखरते. ती दिसली की मला बरं वाटतं.

तेल कुठलं? बाजारात रस्ट सोडवणारे स्प्रे मिळतात, ते चांगले. डब्ल्यूडी-४० घरोघरी असतो आणि हलक्या गंजाला पुरतो. मुळात तो ओलावा हटवण्यासाठी बनवला होता. नावातल्या डब्ल्यूडीचा अर्थच पाणी हटवणं. खोल गंजाला मी ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन समसमान मिसळून वापरतो. दोन्ही वेगळे होतात, म्हणून दर वेळी बाटली हलवायची. ॲसिटोन पेट घेतो आणि रंग खातो, त्यामुळे उघड्यावर, विस्तवापासून लांब आणि बॉडीच्या रंगापासून दूर. पेट्रोल वापरू नका. ते उडून जातं, वंगण काही मागे ठेवत नाही, आणि गाडीखाली त्याची वाफ साठते.

ब्रेकजवळ मात्र कुठलंच तेल उडवू नका. लायनिंगवर थेंब गेला तर ब्रेक धरत नाही आणि खनिज तेलाने ब्रेकचं रबर फुगतं. तिथे कापसाच्या काडीने, फक्त आट्यांपुरतं लावा.

पाचवी तपासणी: आधी आवळा, मग सोडवा

रविवार सकाळ. पाना लावा आणि पहिला झटका आवळण्याच्या दिशेला द्या, अगदी थोडा. गंजाची पकड कुठल्याही दिशेला तुटली तरी चालते, आणि आवळण्याच्या दिशेला ती बरेचदा आधी सुटते. "टक" ऐकू आलं की उलट फिरवा. पाव फेरा मागे, थोडा पुढे, तेल, पुन्हा पाव फेरा. जड झालं की ओढायचं नाही, परत पुढे न्यायचं. आट्यांतला दळलेला गंज तेलाबरोबर बाहेर यायला हवा, नाहीतर तो पुढे ढकलला जाऊन पुन्हा पाचर बसते. एका बोल्टला वीस मिनिटं लागली तरी लागू द्या.

सहावी तपासणी: लांब दांडा, पण हिशेबाने

पान्याला पाइप लावणं म्हणजे ताकद वाढवणं, आणि ताकद कुठे थांबवायची हे आधी ठरवायला हवं. ८ मिलिमीटर जाडीचा, डोक्यावर ८.८ छापलेला बोल्ट साधारण २५ न्यूटन-मीटर टॉर्कला, म्हणजे पिळण्याच्या जोराला, आवळतात. एक फुटाच्या दांड्याच्या टोकाला २० किलोचा भार टाकला की ६० न्यूटन-मीटर होतात. म्हणजे नुसता हात टेकला तरी तो बोल्ट तुटू शकतो. म्हणून ८ मिलिमीटर आणि त्याहून बारीक बोल्टला पाइप नाहीच. १० मिलिमीटरला विचार करून. चाकाचे नट आणि १२ मिलिमीटरपेक्षा जाड सस्पेन्शनचे बोल्ट यांना लांब टॉमी, म्हणजे गोटी फिरवायचा लांब दांडा, चालते.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करा. गाडी वर असेल तर जॅकवर विसंबून खाली कधीच जाऊ नका, एका क्षणासाठीही नाही. बाजूला स्टँड लावा, चाकांना अडण लावा, आणि झटका देण्याआधी गाडी हाताने हलवून बघा. विटा रचून गाडी टेकवू नका. वीट दाबाखाली इशारा न देता फुटते. पान्याचा जोर शक्यतो आपल्याकडे ओढून लावा, ढकलून नको, म्हणजे सुटला तर बोटं चेसिसवर आपटणार नाहीत.

एकसारखा जोर लावण्यापेक्षा छोटे धक्के चांगले. इम्पॅक्ट गन असेल तर सोन्याहून पिवळं, कारण ती पिळण्याआधी हजारदा ठोकते. ती कमी ताकदीवर ठेवून अर्धा मिनिट दोन्ही दिशांना चालवा. स्क्रूसाठी हातोड्याने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर मिळतो, तो प्रत्येकाने घ्यावा असं माझं मत आहे.

बसलेला मागचा ब्रेक ड्रम हा याच कुटुंबातला. त्याला हातोड्याने कडेवर बदडू नका, बीड (ओतीव लोखंड) फुटतं. हँडब्रेक सोडलाय याची खात्री करा. मारुतीसारख्या गाड्यांच्या ड्रमवर ८ मिलिमीटरच्या आट्याची दोन भोकं असतात. ती साफ करून त्यात दोन बोल्ट घाला आणि आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा कसा. ड्रम आपोआप बाहेर ढकलला जातो.

बुशमध्ये अडकलेला बोल्ट

यावर थोडं थांबतो, कारण ठाण्या-नवी मुंबईच्या गाड्यांमध्ये मला हाच सगळ्यात जास्त भेटतो आणि यातच लोक सगळ्यात जास्त वेळ वाया घालवतात.

मागच्या शॉक ॲब्सॉर्बरचा खालचा बोल्ट घ्या. तो रबरी बुशच्या आतल्या स्टीलच्या नळीतून आरपार जातो. नट व्यवस्थित निघतो. मग बोल्टचं डोकं फिरवलं की ते थोडं फिरतं आणि मागे येतं, परत फिरवलं, परत मागे. पान्याला रबराचा झोल जाणवतो. गंज आट्यांवर नाहीच. बोल्टची मधली गुळगुळीत दांडी आणि ती नळी एकमेकांना चिकटलीत. नळीच्या मधल्या भागापर्यंत तेल पोचायला वाटच नसते.

इथे मागून हातोडा मारण्याआधी नट परत शेवटच्या तीन-चार आट्यांवर चढवा, नटाची बाहेरची बाजू बोल्टच्या टोकाशी बरोबर करून. मग मारा. नाहीतर पहिल्याच ठोक्यात टोक फुगतं आणि नट परत चढत नाही. दहा-पंधरा जोरदार ठोक्यांत हलला नाही तर हट्ट सोडा. २०१९ला मी माझ्या गाडीच्या डाव्या बाजूला अख्खी दुपार घालवली. शेवटी लोखंड कापायचं पातं घेऊन बुशच्या दोन्ही कडांना, ब्रॅकेट आणि बुश यांच्या फटीतून बोल्ट कापला. चाळीस मिनिटं लागली. शॉक ॲब्सॉर्बर, बुश आणि बोल्ट तसेही बदलायचेच होते. ब्रॅकेटला मात्र पातं लागू द्यायचं नाही, तो गाडीचा भाग आहे. काढलेला तुकडा नंतर व्हाइसमध्ये धरून बघितला. नळीच्या आत गंजाचा थर नुसता भरलेला नव्हता, दगडासारखा बांधला गेला होता. तेलाचा एक थेंब आत पोचलेला नव्हता, तीन दिवस भिजवूनही.

तेव्हापासून नियम: बुशचा बोल्ट असेल तर नवा बोल्ट आणि नवा बुश आधी आणून ठेवायचा, मगच पाना लावायचा.

सातवी तपासणी: उष्णता

ही पायरी सगळ्यांनी घरी करावी असं मी म्हणत नाही. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये तर नाहीच.

तापवायचा नट, बोल्ट नाही. १० मिलिमीटरचं भोक असलेला स्टीलचा नट २०० अंशांनी तापवला तर ते भोक सुमारे ०.०२४ मिलिमीटरने मोठं होतं. ऐकायला काहीच नाही, पण गंजाची पकड तेवढ्यावर तुटते. बोल्ट तापवला तर तो फुगून आणखी घट्ट बसतो. म्हणून ज्योत नटाच्या कडेवर, गोल फिरवत, पटकन, उष्णता बोल्टमध्ये उतरण्याआधी. लालबुंद करायची गरज नाही. लाल केलेल्या बोल्टची ताकद जाते, तो परत वापरायचा नाही.

एक जुनी युक्ती मनापासून सांगतो. नट तापवून ज्योत बाजूला घ्या आणि मेणबत्तीचं टोक आट्यांना लावा. मेण वितळून फटीत ओढलं जातं आणि वंगणाचं काम करतं. नट गार झाल्यावर फिरवा. सायलेन्सरच्या फ्लँजवर हे मला तेलापेक्षा जास्त वेळा उपयोगी पडलंय.

ज्योत लावण्याआधी मागे काय आहे ते हाताने चाचपून बघा: पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी, वायरिंग, रबर, अंडरकोटिंगचं डांबर. तेल किंवा ॲसिटोन मारलेल्या बोल्टला ज्योत नको, पुसून वाळवून मगच. काही ब्रेक क्लीनर तापल्यावर विषारी वायू सोडतात, त्यामुळे ते मारलेल्या जागी ज्योत अजिबात नको. जस्ताचा मुलामा असलेल्या बोल्टचा पांढरा धूर छातीत जाऊ देऊ नका, त्याने ताप येतो. आणि शॉक ॲब्सॉर्बरची नळी, कॉइल स्प्रिंग, पेट्रोल टाकी यांच्या आसपास घरची ज्योत कधीच नाही.

स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये असेल तर उष्णता आपल्या बाजूने असते, कारण तेवढ्याच तापमानाला ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं. पण तिथले आटे मऊ असतात, चटकन उपटून येतात. स्पार्क प्लगला म्हणूनच वेगळा नियम: इंजिन पूर्ण गार असतानाच सोडवा. गरम हेडमधून (इंजिनाच्या वरच्या भागातून) ओढलात तर आटे प्लगबरोबर बाहेर येतात आणि मग हेड उतरवण्याची वेळ येते.

आठवी तपासणी: नट फोडणे, कापणे

नट बदलायचाच असेल तर तो वाचवण्यात अर्थ नाही. नट स्प्लिटर नावाचं हत्यार नटाभोवती बसवून कसलं की नट फाटतो, आटे वाचतात. ते नसेल तर छिन्नी नटाच्या एका सपाट बाजूवर धरून हातोडा. डोळ्यांवर चष्मा हवाच. मी एकदा चष्म्याशिवाय छिन्नी मारली आणि गंजाची खपली डोळ्यात गेली. दवाखान्यात जाऊन काढून घ्यावी लागली, दोन दिवस डोळा उघडत नव्हता. तेव्हापासून चष्मा हत्यारांच्या पेटीत सगळ्यात वर असतो.

मडगार्ड, नंबर प्लेट, स्प्लॅश गार्ड यांचे बारीक स्क्रू असतील तर एवढा सोपस्कार नको. डोकं ग्राइंडरने उडवा आणि नवा लावा.

इथे थांबा आणि कारागिराला बोलवा

डोकं तुटून बोल्टचा तुकडा आत राहिला, तर थांबण्याची ही पहिली जागा. मधोमध पंच मारून ड्रिल करायचं आणि एक्स्ट्रॅक्टर (तुटका बोल्ट आतून पकडून काढायचं हत्यार) घालून उलटा फिरवायचा, ही पद्धत खरी आहे, पण एक्स्ट्रॅक्टर अतिशय कडक पोलादाचा असतो. तो आत तुटला तर साधं ड्रिल त्याच्यावर चालत नाही, आणि पाच मिनिटांचं काम दोन दिवसांचं होतं. ज्या बोल्टने सहा कोपऱ्यांच्या गोटीला दाद दिली नाही, तो बारीक एक्स्ट्रॅक्टरला देईल ही आशा धरू नका. चांगला वेल्डर तुटलेल्या स्टडवर नट ठेवून आतून वेल्ड करतो. ती उष्णता आणि नवं डोकं, दोन्ही मिळून बोल्ट बाहेर येतो. वागळे इस्टेटमध्ये वेल्डिंग आणि लेथची कामं करणारे आहेत. शक्य असेल तर तो भाग सुटा करून घेऊन जा. गाडीवर वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायला लावा.

पुढच्या जागी तर सुरुवातच करू नका. सीएनजी किटचा कुठलाही जोड किंवा सिलिंडरचा पट्टा: तो अधिकृत सीएनजी केंद्रावरच. ब्रेक कॅलिपरचे, स्टिअरिंगचे, सीट बेल्टच्या आधाराचे बोल्ट गोल झाले किंवा पिळले, तर अनुभवी मेकॅनिककडून सोडवून नवे बसवून घ्या. ब्रेकचं ब्लीड निपल (ब्रेकमधली हवा काढायचा बारीक स्क्रू) पोकळ असतं आणि काचेसारखं तुटतं. हलक्या हाताने आलं नाही तर व्हील सिलिंडर नवा बसवून घेणं बरं. स्प्रिंग दाबलेल्या स्थितीत असलेला स्ट्रटचा (स्प्रिंगसह असलेल्या शॉक ॲब्सॉर्बरचा) वरचा नट योग्य कंप्रेसरशिवाय सोडवू नका, ती स्प्रिंग जीव घेऊ शकते.

आणि एक तपासणी बोल्टची नाही, पत्र्याची. आतला नट सुटून फिरतोय असं वाटलं तर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने आजूबाजूचा पत्रा दाबून बघा. टोक आत घुसलं, कुरकुरीत पापुद्रे पडले, तर बोल्टचा प्रश्न संपला. तिथे पत्रा कापून नवा वेल्ड करायला लागेल आणि सस्पेन्शन त्यावर टेकलेलं असेल तर तोवर गाडी चालवू नका.

परत बसवताना

जुना बोल्ट परत लावू नका, तो कितीही साफ केला तरी. डोक्यावरचा आकडा बघून त्याच ग्रेडचा आणा. ८.८च्या जागी ८.८, १०.९च्या जागी १०.९. हार्डवेअरच्या दुकानातला बिनछापाचा चकचकीत बोल्ट सस्पेन्शनला लावणं धोक्याचं आहे. स्टेनलेस दिसायला छान, पण त्याची ताकद वेगळी असते आणि ॲल्युमिनियममध्ये लावला तर पांढरी भुकटी आणखी लवकर धरते.

नवा बोल्ट आधी हाताने पूर्ण आत जायला हवा. नाही गेला तर आटे टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) साफ करा. सायलेन्सर आणि बुशच्या बोल्टला कॉपर अँटी-सीझ (बोल्ट चिकटू न देणारी पेस्ट) लावा. बुशच्या बोल्टच्या बाबतीत आट्यांपेक्षा मधल्या दांडीला लावणं जास्त महत्त्वाचं, कारण चिकटते ती दांडी. नटापुढच्या उघड्या आट्यांवर ग्रीसचा जाड थर द्या किंवा रबरी टोपी घाला. वंगण लावलेला बोल्ट तेवढ्याच टॉर्कला जास्त ताणला जातो, म्हणून गाडीच्या पुस्तकात कोरड्या आट्यांचा आकडा असेल तर शेवटचा जोर थोडा आवरता घ्या. बुशचा बोल्ट शेवटचा कसताना गाडीचं वजन चाकांवर असू द्या, नाहीतर रबर कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

चाकाचे नट मात्र कोरडेच. त्यांचे आटे तारेच्या ब्रशने साफ करायचे, तेल-ग्रीस काही नाही, आणि पाना टॉर्कचा. पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर एकदा पुन्हा तपासून घ्या.

हे सगळं मे महिन्यात उरकून घ्या. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की गाळ ओला होतो, तेल धरत नाही, आणि गुरुवारी रात्री भिजवलेला बोल्ट रविवारी सकाळी तसाच कोरडा, लालसर दिसतो.